बुधवारचे निरोप

गेल्या वर्षी आमच्या विभागाने एक पाठ्यपुस्तक काढायचं ठरवलं आणि त्यातलं सगळ्यात कोरडं प्रकरण माझ्या गळ्यात पडलं. विषय होता, जगभरात ‘स्ट्रॅटेजिक कम्युनिकेशन’चं संशोधन कसकसं बदलत गेलं. हिंदीत त्याला रणनीतिक संचार म्हणतात. मी मनात त्याला हेतुपुरस्सर संवाद म्हणते, कारण रणनीती म्हटलं की उगाच तलवारी दिसायला लागतात. सरकार, कंपनी, पक्ष, इस्पितळ, कुणीही आपलं काम साधण्यासाठी ठरवून, विचार करून लोकांशी बोलतं, त्या बोलण्याचा हा अभ्यास. ग्वाल्हेरच्या एका कॉलेजात मी तो सव्वीस वर्षं शिकवते आहे. विषय माझा आवडता. मी स्वभावाने भांडकुदळ आहे, आणि भांडकुदळ माणसाला कोण कुणाला काय बोललं आणि का बोललं यात फार रस असतो. आमचे पूर्वज दक्षिणेतून इथे आले ते दरबारात पत्रं लिहायला, असं घरात सांगतात. खरंखोटं माहीत नाही, पण शब्द जपून वापरायची खोड घराण्यात आहे एवढं नक्की.

एका रविवारी लॅपटॉप घेऊन मी आईकडे गेले. आई पाटणकर बाजाराच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर एकटी राहायची. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि खालून दिवसभर येणारे गाड्यांचे हॉर्न. वय एक्याऐंशी. कान तिखट, जीभ त्याहून तिखट. मटार सोलता सोलता तिने विचारलं, “काय टाईप करून राहिलीस इतकं?”

“प्रकरण लिहितेय. लोकांना निरोप कसा द्यावा, यावर जगात कोणी काय काय शोधलं ते.”

“त्यावर पण किताब निघते?”

“शेकडो निघाल्यात.”

“चांगलं आहे,” ती म्हणाली. “तुझ्या काम येईल.”

या शेवटच्या वाक्याचा रोख मला नीट कळला होता. मी ऐकलं नाही असं दाखवलं आणि टाईप करत राहिले.

रोख असा की माझ्या धाकट्या भावाशी मी सहा वर्षं बोलले नव्हते. तो काही परदेशात नव्हता. याच शहरात, बिर्लानगरच्या बाजूला त्याचं घर, आणि मी थाटीपूरला. मध्ये वीस मिनिटांचा रस्ता. तो सरकारी खात्यात इंजिनिअर आहे, भावजय झाशीची आहे, आणि दोघांबद्दल याहून जास्त काही मला त्या सहा वर्षांत प्रत्यक्ष माहीत नव्हतं. आईने आम्हाला वार वाटून दिले होते. रविवार माझा, बुधवार त्याचा. सण असला तर तो सकाळी, मी दुपारी चारनंतर. भाऊबीजेला मी आईकडे पोचायचे तेव्हा आईने त्याच्यासाठी मांडलेला पाट उचललेला असायचा. सहा वर्षांत आम्ही एकदाही जिन्यात समोरासमोर आलो नाही. इतकं चोख वेळापत्रक रेल्वेलाही जमलेलं नाही.

भांडण बाबांवरून झालं. बाबांचं हृदय थकलं होतं. मला वाटत होतं त्यांना दिल्लीला मोठ्या इस्पितळात न्यावं. भावाचं म्हणणं, नको, इथले डॉक्टर बघताहेत, ते घरीच बरे. तेव्हा आईबाबा त्याच्याकडेच राहायचे. त्यांना उठवणं, बसवणं, अंग पुसणं, औषधं, सगळं तो करायचा. मी संध्याकाळी तासभर जायचे आणि सूचना देऊन यायचे. दोनदा फोनवर बोलाचाली झाली. तो ऐकेना. मग मी विषय माझ्या हातात घेतला.

आमच्या नात्यातल्या चाळीसेक माणसांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्यावर मी एक लांबलचक संदेश लिहिला. मुद्देसूद, एक ते सात आकडे घालून. त्याच आठवड्यात मी वर्गात शिकवलं होतं की ज्यांचं मत चालतं अशी माणसं आधी हाताशी धरावीत आणि मग संदेश सोडावा. म्हणून मी आधी इंदूरच्या आत्याला फोन केला, मग नागपूरच्या काकांना. दोघांना सगळं माझ्या बाजूने समजावलं. संदेश टाकला आणि पाच मिनिटांत दोघांचं ‘अगदी बरोबर’ आलं. मग रांगच लागली. कोणी लिहिलं, आजकालची मुलं हात वर करतात. कोणी लिहिलं, आईबापांच्या बाबतीत आळस बरा नव्हे. ज्यांनी बाबांना चार वर्षांत पाहिलं नव्हतं तेसुद्धा हृदयरोगावर लिहू लागले. म्हणजे मोहीम उत्तम पार पडली. दुपारी भावाने ग्रुप सोडला. त्याने एक शब्दही लिहिला नाही.

बाबा दिल्लीला गेले नाहीत ते नाहीतच. तेवढे दिवस उरले नव्हते. अठरा दिवसांनी, भावाच्या घरीच, दुपारी पाणी पिऊन झोपले ते उठले नाहीत. तेराव्याला आम्ही दोघं एका खोलीत होतो आणि नातेवाईक एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होते. मी स्वतःला सांगत होते की मी बरोबर होते. तो एकदा तरी म्हणेल, ताई, तुझं ऐकायला हवं होतं, याची मी वाट बघत होते. पुढची सहा वर्षंही तेच करत होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत आई हट्टाने पाटणकर बाजाराच्या जुन्या जागेत परत राहायला गेली. म्हणाली, “मी कोणा एकाकडे राहिले तर दुसरा येणार नाही.” मला ते तेव्हा नाटकी वाटलं होतं.

आई स्वस्थ मात्र बसली नाही. दर रविवारी मी गेले की पहिल्या चहाबरोबर निरोप यायचा. “तो विचारत होता, ताईचे पाय अजून सुजतात का.” “तो म्हणत होता, ताईचा लेख आला होता पेपरात, त्याने ऑफिसात सगळ्यांना दाखवला.” मी म्हणायचे, “मग फोन करायला बोटं झडलीत का त्याची?” आई म्हणायची, “लाजतो गं.” मोठा इंजिनिअर आणि लाजतो म्हणे.

थंडीत त्याच्याकडून गजकचा, म्हणजे तीळगुळाच्या खुसखुशीत वड्यांचा डबा यायचा, होळीला भावजयीच्या हातच्या गुजिया, आपल्या खव्याच्या करंज्या. मी म्हणायचे, ठेव तिथे, आणि निघताना पिशवीत टाकून घरी न्यायचे. रागावर मी ठाम होते, गजकवर नव्हते. रिकामा डबा परत करायचा नसतो, म्हणून त्यात मूठभर साखर घालून तो पुढच्या रविवारी आईकडे ठेवायचे. त्यापलीकडे माझ्याकडून त्या घराला सहा वर्षांत काही गेलं नाही. “काही सांगू त्याला?” असं आई दर वेळी विचारायची आणि मी दर वेळी म्हणायचे, “काही नाही.” मला मनातून बरं वाटायचं. तो थोडा थोडा नमतो आहे, अजून नमेल, अशी माझी समजूत.

प्रकरणाचा पहिला भाग सोपा होता. गेल्या शतकातल्या महायुद्धांच्या काळात सरकारांनी लोकांची मनं वळवायला पत्रकं, चित्रपट, रेडिओ, हाताला येईल ते वापरलं, आणि विद्वान मंडळी विचारू लागली की हे चालतं कसं. तेव्हा अशी समजूत होती की सुई टोचली की औषध अंगात जातं, तसा निरोप माणसाच्या डोक्यात जातो. पुढे निवडणुका आणि साबणाच्या जाहिराती अभ्यासल्यावर लक्षात आलं की माणूस रेडिओचं ऐकतो आणि करतो शेजाऱ्याचं. म्हणजे मधला माणूस मोठा. त्यानंतर कंपन्यांच्या जनसंपर्कावर लिहिणारे आले. ते म्हणाले, नुसतं सांगू नका, ऐकाही, आणि ऐकून स्वतः थोडं बदला, तर तो संवाद. हे वाक्य मी सव्वीस वर्षं फळ्यावर लिहिते आहे. अक्षर चांगलं आहे माझं.

मग बराच काळ जो तो आपल्या खोलीत. जाहिरातवाले वेगळे, आरोग्याचा प्रचार करणारे वेगळे, राजकारणवाले, लष्करवाले, कंपनीच्या आतल्या बोलण्यावर काम करणारे, सगळे वेगळे. प्रत्येकाची नियतकालिकं निराळी आणि कोणी कोणाचं वाचत नाही. या शतकाच्या सुरुवातीला काहींनी म्हटलं की अहो, हा तर एकच विषय आहे, आणि स्ट्रॅटेजिक कम्युनिकेशन हे नाव पक्कं झालं. नाव पक्कं झाल्यावर खरे वाद सुरू झाले. धोरण वरची माणसं ठरवतात, की खालच्या माणसांच्या रोजच्या बोलण्यातून ते आपोआप तयार होतं? संस्था आधी असते आणि मग बोलते, की बोलण्यानेच ती बनते? आणि एवढं ठरवून बोलायचं ते कोणाच्या भल्यासाठी? मला या शेवटच्या प्रश्नाचा कंटाळा यायचा. तो विचारणारी माणसं फार सोज्वळ चेहऱ्याने विचारतात.

हे सगळं वर्गात सांगत होते तेव्हा शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, “मॅम, ये सब ठीक है, पर इसमें अपने जैसे लोग कहाँ हैं?” मी तिला म्हटलं, सवाल बाद में. राग आला होता, कारण प्रश्न बरोबर होता. जगभर, जगभर म्हणता म्हणता त्यातलं बहुतेक सगळं अमेरिकेत आणि युरोपच्या काही देशांत लिहिलेलं. अलीकडे आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतली मंडळी म्हणायला लागली आहेत की आमच्याकडे माणूस एकटा बसून निरोप ऐकत नाही. तो नात्यागोत्यातून ऐकतो, देवळात, मशिदीत, चहाच्या टपरीवर ऐकतो, आणि कोण सांगतंय ते बघून काय सांगितलं ते ठरवतो. हा भाग मी दोन पानांत उरकला होता. घरी येऊन तो सहा पानांचा केला. त्या मुलीला मात्र तसं सांगितलं नाही.

मोबाईल आणि त्यानंतरच्या काळावर लिहीत होते तेव्हाही मी आईकडेच होते. तिला सांगितलं की आता यंत्रच निरोप लिहून देतं, हजार माणसांना हजार वेगवेगळे.

“कोणाच्या नावाने?” तिने विचारलं.

“ज्याच्या म्हणाल त्याच्या.”

“आणि ज्याच्या नावाने लिहिलं त्याला मालूम असतं?”

“नेहमी नसतं. त्यावरूनच तर आता वाद चाललाय.”

आई जराशी हसली आणि उठून कुकरकडे गेली. मला वाटलं, तिला यंत्राची गंमत वाटली.

पुढे जानेवारीत ती न्हाणीत घसरली. मनगटाचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, एवढ्यावर निभावलं, पण आता यांना एकटं ठेवू नका. मी म्हटलं, माझ्याकडे चल. भावानेही बुधवारी तेच म्हटलं असणार. आईने प्लास्टर घातलेला हात मांडीवर ठेवून सांगितलं, “तुम्ही दोघं मिळून या. एकत्र बसून मला सांगा. मग म्हणाल तिथे येते.”

“हे ब्लॅकमेल आहे, आई.”

“जे असेल ते.”

“आणि तोपर्यंत?”

“तोपर्यंत इथेच. पडले तर पडले.”

मी फार चिडले. तिच्यावर, त्याच्यावर, न्हाणीतल्या त्या गुळगुळीत फरशीवर. सकाळी भलत्या वेळी फोन वाजला की मी हातातलं टाकून धावायचे. ती भिंतीला धरून न्हाणीत जाते आहे असं डोळ्यांपुढे यायचं. तरी मी भावाला फोन केला नाही. मी काय केलं, तर लॅपटॉपवर एक टिपण करायला घेतलं, आईने माझ्याकडे का राहावं यावर. तळमजला आहे. न्हाणीत धरायला दांडा लावून घेतला आहे. दवाखाना जवळ आहे. टिपण चांगलं झालं होतं, फक्त ते पाठवायचं कोणाला ते कळेना. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. आई प्लास्टर निघाल्यावर एका हाताने पोळ्या लाटायला लागली होती.

एप्रिलमधल्या एका दिवशी आमच्या कॉलेजच्या इमारतीत कसलीशी सरकारी परीक्षा होती म्हणून आम्हाला सुट्टी मिळाली. प्रकरण दोन दिवसांत द्यायचं होतं आणि शेवटचा भाग राहिला होता. घरी रंगकाम चालू, बसायला कोपरा नाही. अकराच्या सुमाराला मी स्कूटर काढून आईकडे गेले. आई बेसनाचे लाडू वळत होती. मनगट अजून धड वळत नव्हतं, तरी वळत होती. मी म्हटलं, कशाला जीव काढतेस? ती म्हणाली, आदत आहे. मी खाटेवर बसून लिहायला लागले.

साडेबारा झाले तेव्हा तिने घड्याळाकडे बघितलं. “अगं, आज बुधवार आहे.”

माझ्या ध्यानातच नव्हतं. मी भराभर आवरायला लागले तेवढ्यात जिन्यावर बूट वाजले. आई दबक्या आवाजात म्हणाली, “आतल्या खोलीत जा. अर्ध्या तासात जातो तो.” आणि सत्तावन्न वर्षांची प्राध्यापिका लॅपटॉप पोटाशी धरून आतल्या खोलीत जाऊन बसली. दार लोटून घेतलं. पंखा लावला नाही, कारण तो करकरतो आणि त्याला कळलं असतं. अंगाला घामाच्या धारा लागल्या.

पडद्यावर माझा शेवटचा भाग उघडा होता. हा विषय इतकी वर्षं बोलण्याचाच विचार करत आला, अलीकडे काही जण न बोलण्याचा करतात. संस्था काय सांगत नाही, कोणती गोष्ट मुद्दाम गाळते, तेही धोरणच, असं त्यांचं म्हणणं. तिथे मला एक साधं उदाहरण द्यायचं होतं आणि ते मिळत नव्हतं.

“हात कसा आहे?” भाऊ बाहेर विचारत होता. त्याचा आवाज जाड झाला होता.

“बरा आहे. बस. हे लाडू घे. ताईने पाठवलेत तुझ्यासाठी.”

मी दाराकडे बघितलं. ते लाडू आईने माझ्या डोळ्यांसमोर वळले होते.

“विचारत होती, त्याची शुगर कशी आहे. म्हणाली, त्याला म्हणावं रोज चालत जा.”

मी असं काही विचारलं नव्हतं. त्याला शुगर आहे हेच मला माहीत नव्हतं.

“आणि म्हणत होती, बाबांचं त्याने फार केलं.”

मी हे कधीही म्हटलं नव्हतं. आई इतक्या सहज म्हणाली की तिने ते पहिल्यांदाच म्हटलेलं नसणार.

मग भाऊ म्हणाला, “आई, छोड ना. ताईने जन्मात कधी लाडू वळलेत का? सहा वर्षं खाऊन राहिलोय मी तुझ्या हातचे लाडू तिच्या नावाने.”

“मग खातोस कशाला?”

“चांगले असतात.” तो थोडा हसल्यासारखा वाटला. “मी सांगतो ते तरी तिला खरं सांगतेस ना? का तिथेही तुझंच चालतं?”

“तुझं जसंच्या तसं सांगते. त्यात मला काही घालावं नाही लागत.”

मी आतल्या खाटेच्या कडेवर तशीच बसून राहिले. म्हणजे त्याचे निरोप खरे होते. पाय सुजतात का, लेख आला होता, गजक, गुजिया, सगळं खरं. खोटे होते ते माझे. मी मूठभर साखर घालून ठेवलेला डबा आई आपल्या बरणीत रिकामा करत होती आणि त्यात लाडू भरून माझ्या नावाने पाठवत होती. दर बुधवारी तिने माझ्याहून बरी अशी एक मुलगी तयार करून त्याच्यापुढे ठेवली होती. त्याने ती ओळखली होती, आणि ओळखूनही तो तिची विचारपूस करत राहिला होता. फसले होते ती एकटी मी, आणि या विषयावर पुस्तकात लिहायला लोकांनी मलाच सांगितलं होतं. मला फार लाज वाटली. सवयीने रागही आला, पण तो काढायला कोणी सापडेना.

खुर्ची सरकली. “निघतो,” तो म्हणाला. दारापर्यंत पावलं गेली, थांबली.

“आई, आत पंखा लाव तिला. उकडत असेल. खाली स्कूटर उभी आहे तिची.”

मीच दार उघडून बाहेर आले. तो उंबऱ्यापाशी एका पायात बूट घालून उभा होता. केस पांढरे झाले होते आणि बाजूने तो थेट बाबांसारखा दिसत होता, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं, वाकून तो बूट काढला आणि परत येऊन खुर्चीवर बसला. मी खाटेवर बसले. आई आमच्या मध्ये डबा घेऊन उभी.

काहीतरी बोलायला हवं होतं. मी आईकडे बघून म्हटलं, “त्याला सांग...”

“तूच सांग आता,” आई म्हणाली. “मी थकले गं.”

आणि ती खाली भिंतीला टेकून बसली. इतकं म्हातारं मी तिला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. न्हाणीत पडली तेव्हाही ती अशी दिसली नव्हती. सहा वर्षं दोन घरांचं बोलणं तिने एकटीने वाहिलं होतं, त्यातलं अर्धं तर स्वतःच्या पदरचं घालून, आणि मी त्याला तिची हौस समजत होते.

माझं टिपण मला तोंडपाठ होतं. तळमजला, दांडा, दवाखाना. त्यातलं काही तोंडातून निघालं नाही.

“बाबांना दिल्लीला जायचं नव्हतं,” मी त्याला म्हटलं.

“काय मालूम,” तो म्हणाला. “मी विचारलं होतं त्यांना, दोन-तीनदा. नुसते बघत राहायचे. सच सांगू, ताई, मी अजून हाच विचार करतो. नेलं असतं तर कदाचित... तू बरोबर असशील.”

हेच वाक्य ऐकायला मी सहा वर्षं थांबले होते.

“मला म्हणाले होते,” मी म्हटलं. “ग्रुपवर लिहिलं त्याच्या आदल्या संध्याकाळी. तू औषधं आणायला गेला होतास. मी त्यांना दिल्लीचं सांगत होते. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, मला कुठे हलवू नका. हा करतोय ते पुष्कळ आहे.”

त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली.

“मी ते लिहिलं नाही. कोणालाच सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर बाकी सगळे मुद्दे पडले असते. चुकलं माझं. फार चुकलं.”

आई कुठे राहणार ते त्यानंतर पाच मिनिटांत ठरलं. आता ती उन्हाळा माझ्याकडे काढते, थंडी त्याच्याकडे, आणि दोन्ही घरी कुरकुर करते. प्रकरण मी वेळेवर दिलं. शेवटच्या भागात उदाहरण घातलं नाही. पण ते सगळं ठरण्याआधी भावाने आईच्या हातातला डबा घेऊन खाली ठेवला होता. आई पदराने डोळे पुसत होती. खाली कोणीतरी हॉर्न वाजवत होतं, कोणी थांबवत नव्हतं.

मग त्याने विचारलं, “नक्की काय म्हणाले? त्यांच्या शब्दांत सांग.”

“मला कुठे हलवू नका. हा करतोय ते पुष्कळ आहे.”

“परत सांग,” तो म्हणाला.

मी परत सांगितलं.